चिखल चुकवू नका



पावसाळ्यात पायवाटेने चालताना पुढे चिखलाचे डबके आले, तर तुम्ही काय करता? बहुधा वाट सोडून कडेच्या गवतावर पाय देता, एखाद्या झुडपाची फांदी धरता आणि बूट फारसे न बरबटता पलीकडे जाता. घरी आईने हेच शिकवलेले असते. शाळेच्या सहलीत गुरुजीही हेच ओरडून सांगतात. चिखलात मुद्दाम पाय घालणारा तो द्वाड आणि चिखल चुकवणारा तो शहाणा, अशी आपली सरळ वाटणी असते.

या लेखात मी द्वाड मुलाची बाजू घेणार आहे. निदान एका प्रकारच्या जंगलात तरी त्याचे वागणे बरोबर आणि शहाण्याचे चूक, असे माझे स्पष्ट मत आहे. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्यामागे मातीचे, पाण्याचे आणि बियांचे शास्त्र आहे. ते समजावून घेण्यासाठी आपल्याला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जावे लागेल.

जगाचा नकाशा पुढे घ्या. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर हे प्रचंड बेट दिसेल. त्याच्याही पूर्वेला सुमारे सातशे किलोमीटरांवर, मॉरिशसच्या शेजारी, एक ठिपका आहे. तेच रियुनियन. क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दोन तृतीयांश. पण उंची पाहा! पितों दे नेज हे त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे ३,०७० मीटर उंच आहे. आपल्या कळसुबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे या चिमुकल्या बेटावरचा डोंगर कळसुबाईच्या पावणेदोन पटींहून उंच. बेट संपूर्ण ज्वालामुखीचे आहे आणि त्याच्या आग्नेय भागातला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागा आहे.

या बेटाशी आपले एक जुने नाते आहे, तेही सांगून टाकतो. सह्याद्रीचे काळे कातळ ज्या लाव्हारसाचे बनले, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर आला. त्या वेळी भारताचा भूखंड पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्थानावरून सरकत होता. भूखंड उत्तरेकडे निघून आला. तप्त स्थान मागे राहिले. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तेच तप्त स्थान आज रियुनियनच्या खाली आहे. म्हणजे रायगडाचा कडा आणि रियुनियनचा ज्वालामुखी ही एकाच भट्टीतली घडण, फक्त मधे साडेसहा कोटी वर्षे गेली आणि मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर पडले.

बेटाच्या मध्यभागी, पूर्वेकडच्या अंगाला, बेबूर आणि बेलूव ही जोडजंगले आहेत. बेलूवच्या विश्रामगृहाजवळून, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरून, एक पायवाट निघते आणि साधारण साडेतीन-चार किलोमीटर जंगलातून जाऊन ‘त्रू द फेर’ नावाच्या दरीच्या काठावर पोहोचते. नावाचा अर्थ ‘लोखंडाचे भोक’. दरीच्या भिंती जवळजवळ उभ्या, शेकडो मीटर खोल, आणि त्यांवरून धबधबे कोसळतात. सकाळ सरत आली की ढग येऊन सारी दरी झाकून टाकतात, म्हणून लोक पहाटे निघतात. वाट फारशी चढउताराची नाही. तरीही ती अवघड समजली जाते, ती केवळ चिखलामुळे. काही ठिकाणी लाकडी फळ्या टाकल्या आहेत. जेथे त्या नाहीत, तेथे घोटाभर, कधी त्याहूनही वर चिखल असतो. कोरड्या बुटांनी तेथून परत आलेला माणूस एक तर फार भाग्यवान असला पाहिजे किंवा त्याने वाट सोडून जंगल तुडवलेले असले पाहिजे.

इतका चिखल येतो कोठून? पहिले कारण अर्थातच पाऊस. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पूर्व बाजूला पाऊस ओततात. भूगोलाच्या तासाला महाबळेश्वर आणि वाई यांची जी गोष्ट तुम्ही शिकला असाल, तीच ही, फक्त दिशा उलटी. महाबळेश्वरला पश्चिमेकडून येणारा पाऊस भिजवतो, येथे पूर्वेकडून येणारा. रियुनियनच्या पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी वर्षाकाठी पाऊण मीटरही पाऊस पडत नाही, तर पूर्वेकडच्या डोंगरांवर कित्येक मीटर पडतो.

शिवाय चक्रीवादळे येतात. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी काय झाले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. रियुनियनवर फोक-फोक या ठिकाणी ७ व ८ जानेवारी १९६६ रोजी, डेनिस नावाच्या वादळात, चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मुंबईच्या जवळजवळ दुप्पट! चोवीस तासांचा हा जागतिक विक्रम आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद वादळात क्रातेर कोमेर्सों येथे तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पडला; तोही जागतिक विक्रम. वर्षभराच्या पावसाचा मान मेघालयाकडे आहे, पण एका दिवसाच्या आणि तीन दिवसांच्या पावसात हे बेट कोणाला हार जात नाही.

पण नुसत्या पावसाने असा चिखल होत नाही. आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावरही धो धो पाऊस कोसळतो आणि पाणी वाहून जाते. दुसरे कारण मातीत आहे, आणि मला ते पावसापेक्षा अधिक मजेदार वाटते.

ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मातीला शास्त्रज्ञ ‘अँडोसोल’ म्हणतात. शब्द जपानी आहे. ‘आन’ म्हणजे काळसर, ‘दो’ म्हणजे माती. रियुनियनच्या पावसाळी डोंगरांवर ही माती मोठ्या प्रमाणात आढळते. तिच्यात ॲलोफेनसारखी खनिजे असतात. त्यांचे कण अतिशय सूक्ष्म आणि पोकळ असतात. त्यांच्या आत-बाहेर पाणी साठून राहते. भरपूर पाऊस मिळालेल्या अशा मातीत कोरड्या मातीच्या वजनाहूनही जास्त वजनाचे पाणी असू शकते. आणि गंमत अशी की इतके पाणी पोटात असूनही ती दिसायला घट्ट, मऊ, हाताला जराशी ओलसर अशी असते.

हे कसे, ते कळण्यासाठी स्वयंपाकघरात जा. चांगले विरजलेले दही वडीसारखे उभे राहते. त्यात बहुतांश पाणीच असते, पण ते जाळीत अडकलेले असते. आता त्याच दह्यात चमचा घालून घुसळा. जाळी मोडते, पाणी सुटते आणि पातळ ओघळ होतो. बाहेरून पाण्याचा थेंबही घातलेला नसतो! बेलूवच्या मातीचे नेमके हेच होते. जंगलात न तुडवलेली माती म्हणजे लागलेले दही. पायवाटेवरची माती म्हणजे घुसळलेले दही. घुसळणारी रवी म्हणजे आपले पाय.

हिशेब करून पाहू. तुमचे वजन ४५ किलो आहे आणि तुमच्या एका बुटाचा तळ १५० चौरस सेंटिमीटर आहे, असे धरा. एका पायावर उभे राहिलात, तर दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅमचा भार पडतो. पण चालताना आधी टाच टेकते. तिची जागा ३० चौरस सेंटिमीटर धरली, तर तोच भार दीड किलो होतो. पाय टेकतो, माती दबते, तिच्यातली हवेची पोकळी मिटते. पाय उचलतो, तेव्हा चिखल ‘चुळ्ळ’ असा आवाज करून ओढला जातो. शंभर जणांनी असे केले की त्या जागी पाणी मुरेनासे होते आणि डबके तयार होते. या बेटाच्या मातीला असा तुडवणारा पाय माहीतच नव्हता. माणूस येण्यापूर्वी येथे खुरांचे एकही जनावर नव्हते. सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघळे, आणि जमिनीवरचे सर्वांत जड जनावर म्हणजे मोठी कासवे, तीही पुढे माणसाने संपवली. वस्ती झाली ती सतराव्या शतकात.

आता मुख्य मुद्दा. डबके झाले. शहाणा प्रवासी येतो, कडेने जातो. कडेची माती अजून लागलेल्या दह्यासारखी आहे, म्हणून त्याला पक्की वाटते. त्याच्यामागून पन्नास शहाणे येतात. संध्याकाळपर्यंत ती कडही घुसळून निघते. दुसऱ्या दिवशीचे शहाणे आणखी बाहेरून जातात. अशा रीतीने एका हाताची वाट दोन हातांची, दोनाची चार हातांची होत जाते. प्रत्येक जण स्वतःच्या बुटापुरता विचार करतो आणि त्या सगळ्यांच्या विचारांचा परिणाम चिखल वाढण्यात होतो. चिखल चुकवणाऱ्यांनीच चिखल पसरवलेला असतो, हे त्यांना सांगूनही पटत नाही.

समजा, एक मीटर रुंदीची वाट अशी चार मीटर रुंद झाली आणि तिची लांबी साडेतीन किलोमीटर आहे. वाढलेले क्षेत्र किती? तीन मीटर गुणिले साडेतीन हजार मीटर, म्हणजे १०,५०० चौरस मीटर. एक हेक्टरहून अधिक, आपल्या भाषेत अडीच एकरांवर. एवढे जंगल कोणी कुऱ्हाडीने तोडले असते, तर ओरड झाली असती. बुटांनी तुडवले म्हणून कोणाला दिसत नाही.

आणि हे अडीच एकर म्हणजे नुसती जमीन नव्हे. पाण्याने भरलेल्या मातीत खोलवर प्राणवायू पोहोचत नाही. म्हणून येथल्या झाडांची मुळे खाली न जाता पृष्ठभागालगत आडवी पसरतात. वाटेच्या कडेला पाय देतो तेव्हा आपण बहुधा झाडाच्या मुळावरच पाय देत असतो. त्यावर शेवाळाची गादी असते, नेच्यांची रोपे असतात, पडलेल्या खोडांवर आमरी फुललेल्या असतात. वृक्षनेचे तर पाच-पाच मीटर वाढलेले दिसतात. शेवाळाची ती गादी ढगातले पाणी टिपून घेते आणि पाऊस नसतानाही थेंब थेंब खाली सोडत राहते. ती एकदा खरवडली गेली की परत येण्यास वर्षे लागतात.

डबक्याच्या मध्यातून जाणारा द्वाड मुलगा मात्र आधीच घुसळलेले दही पुन्हा घुसळतो. त्याने होणारे नुकसान जवळजवळ शून्य, कारण तेथे बिघडायचे काही उरलेलेच नाही. म्हणून माझा आग्रह: अशा जंगलात चिखल चुकवू नका, त्यातून सरळ जा.

यावर तिघे जण आक्षेप घेतील, हे मला माहीत आहे.

पहिला म्हणेल, “बूट खराब होतात.” होतात. मग जुने कापडी बूट घाला. त्यांत पाणी शिरते तसे निघूनही जाते. चामड्याचे चकचकीत बूट घालून चिखलाच्या वाटेला जाणे आणि मग बुटांसाठी झाडांची मुळे तुडवणे, याला मी हौस म्हणत नाही. दुसरा म्हणेल, “पाय रुतला, घसरला तर?” हा आक्षेप खरा आहे. हातात काठी ठेवा. पाय टाकण्याआधी खोली चाचपा. लहान पावले टाका. मांडीभर खोल चिखल लागला तर मुकाट्याने मागे फिरा. दरी त्या दिवशी नाही पाहिली तर काही बिघडत नाही.

तिसरा आक्षेप घेणारा जरा मोठा माणूस असतो. तो म्हणतो, “सगळ्या वाटेवर सिमेंट ओता, प्रश्न मिटला.” मला हे साफ नामंजूर आहे. सिमेंटची वाट म्हणजे डोंगरातले गटार. पाणी तिच्यावर मुरत नाही, वेगाने धावते. आणि वेग दुप्पट झाला की पाणी चौसष्ट पट वजनाचा दगड ढकलू शकते, हा प्रवाहांचा जुना नियम आहे. वाट जेथे संपते किंवा वळते तेथे ते पाणी जमीन खणून काढते. त्यापेक्षा वाटेवर ठिकठिकाणी तिरपे ओंडके रोवून पाणी थोडे थोडे बाजूच्या झाडीत सोडावे आणि अगदी वाईट जागी फळ्या टाकाव्यात. हे काम दर वर्षी करावे लागते, त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते मोठ्या माणसांना आवडत नाही.

आतापर्यंत मी पायाखालच्या मातीबद्दल बोललो. आता बुटाला चिकटलेल्या मातीबद्दल बोलू. माझ्या दृष्टीने ती जास्त गंभीर बाब आहे.

बेलूवच्या जंगलात ‘तामारें दे ओ’ नावाचे वृक्ष आहेत. नावाचा अर्थ ‘उंचावरची चिंच’. चिंचेशी त्यांचा जवळचा संबंध नाही. तो बाभळीच्या जातकुळीतला वृक्ष आहे. पाने मात्र बाभळीसारखी बारीक नसतात. देठच चपटा होऊन कोयत्यासारख्या लांब पानाचे काम करतो. आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीची ‘पाने’ नीट पाहा, तीही अशीच असतात. चक्रीवादळात हे वृक्ष आडवे पडतात आणि आडवे पडूनही जगतात. खोडापासून पुन्हा उभ्या फांद्या फुटतात. त्यामुळे त्या जंगलात फिरताना अर्धी झाडे झोपलेली वाटतात.

या झाडाचे सर्वांत जवळचे नातेवाईक कोठे असावेत? शेजारच्या आफ्रिकेत? नाही. जवळजवळ १८,००० किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर! तेथला ‘कोआ’ वृक्ष आणि हा वृक्ष यांच्या गुणसूत्रांतील द्रव्याची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरून असे दिसले की सुमारे १४ लाख वर्षांपूर्वी कोआचे बी रियुनियनवर येऊन पडले. बहुधा एखाद्या समुद्रपक्ष्याने ते आणले असावे. एवढ्या प्रचंड अंतरावरून एक बी आले, रुजले आणि त्याचे जंगल झाले.

बेटावर नवे पाहुणे येण्याचा निसर्गाचा वेग असा असतो. पाहुणा क्वचित येतो, मग त्याला आणि यजमानांना एकमेकांशी जुळवून घेण्यास हजारो वर्षे मिळतात. माणूस आल्यापासून, म्हणजे अवघ्या साडेतीनशे वर्षांत, या बेटावर दोन हजारांहून अधिक परक्या जातींच्या वनस्पती आणल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक बागांत आणि शेतांत निमूटपणे राहिल्या. काही मात्र रानात शिरल्या आणि तेथून हटेनाशा झाल्या.

त्यांतली एक म्हणजे ब्राझीलहून आणलेला छोटा लाल पेरू. फळ आंबटगोड, लोकांच्या फार आवडीचे. प्लेन दे पाल्मिस्त या गावात त्याचा उत्सवही भरतो. पण रानात त्याची अशी दाट जाळी माजते की मूळच्या झाडांची रोपे उजेडावाचून मरतात. दुसरी आपल्या ओळखीची आहे: सोनटक्क्याची हिमालयातली पिवळी बहीण. फुले देखणी, वासही गोड. जमिनीखालच्या तिच्या गड्ड्यांचे एवढे जाड जाळे होते की दुसऱ्या बीला रुजण्यास जागा राहत नाही. गड्ड्याचा तुकडा कोठे पडला तरी फुटतो. एखादी वनस्पती आपल्या मुलखात सोज्ज्वळ आणि परक्या मुलखात दांडगी, असे का होते? मुलखात तिला खाणारे किडे, तिच्यावर पडणारे रोग असतात. ते मागे राहिले की तिला कोणाचा धाक उरत नाही.

बियांची ने-आण करणारा एक हमालही आपल्याकडचाच आहे. डोक्यावर काळा तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेला शिपाई बुलबुल तुम्ही पाहिला असेल. काही लोक त्याला नारद म्हणतात. तो १९७२ मध्ये रियुनियनवर पोहोचला. माणसानेच नेला. आज तो बेटभर आहे. पेरू खातो आणि बिया टाकत फिरतो. नारद हे नाव त्याला तेथे जास्त शोभते.

तुम्ही म्हणाल, बुलबुलच एवढ्या बिया टाकतो तर आमच्या बुटांनी काय मोठा फरक पडणार? प्रश्न योग्य आहे. उत्तर असे. बुलबुल गोड फळाच्या बिया नेतो. गवताच्या, तणाच्या, कोरड्या बोंडाच्या बिया त्याच्या कामाच्या नाहीत. त्या चिखलाबरोबर बुटाला चिकटतात. शिवाय बूट त्यांना नेमक्या योग्य जागी नेऊन पोहोचवतो. तुडवलेल्या वाटेच्या कडेला सावली विरळ असते, शेवाळाची गादी फाटलेली असते, माती उघडी असते. परक्या तणाला याहून चांगली शेतजमीन कोणती मिळणार? चिखल चुकवणाऱ्याने आधी जमीन नांगरून दिली आणि मग स्वतःच पेरणी केली, असा हा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. चिखलातून रोगही जातो. हवाई बेटांवर ओहिया नावाचा वृक्ष हा तेथल्या रानाचा कणा आहे. जांभूळ आणि पेरू यांच्या कुळातला तो. लाल केसाळ फुलांचा. २०१० च्या सुमारास हे वृक्ष एकाएकी वाळू लागले. पाने आठवड्याभरात तपकिरी होत. २०१४ मध्ये कारण सापडले: एक बुरशी. ती झाडाच्या जखमेतून आत शिरते आणि पाणी वाहून नेणारा भागच बंद पाडते. दहा लाखांहून अधिक ओहिया वृक्ष आतापर्यंत मेले आहेत. ही बुरशी मातीत तग धरून राहते आणि बुटांच्या, गाड्यांच्या चिखलाबरोबर प्रवास करते. म्हणून तेथे जंगलवाटांच्या तोंडाशी ब्रश बसवले आहेत. येणाऱ्याने बुटांचा तळ घासायचा, त्यावर अल्कोहोल फवारायचे आणि मगच आत जायचे; परत येताना पुन्हा तेच. आता आठवा, वाटेच्या कडेला बुटांनी सोलली जाणारी ती उथळ मुळे. जखम करणारा बूट आणि जंतू आणणारा बूट एकच.

म्हणून माझ्या आग्रहाचा दुसरा भाग असा: वाटेवर चिखलातून खुशाल जा, पण एका जंगलाचा चिखल दुसऱ्या जंगलात नेऊ नका. खाचांत अडकलेली माती काडीने काढा, ब्रशने घासा, धुवा, वाळवा. पायमोजे आणि पँटच्या घड्याही तपासा. कुसळे तेथेच लपतात. सारे काम दहा मिनिटांचे आहे.

हे सगळे कशासाठी, असे वाटत असेल तर शेजारच्या मॉरिशसकडे पाहा. त्या बेटावर मराठी बोलणारी कुटुंबे एकोणिसाव्या शतकापासून राहत आहेत, म्हणून ते आपल्याला परके नाही. तेथे जमीन सपाट, ऊस पिकवण्यास सोयीची. त्यामुळे जंगल तोडले गेले. उरले त्यात पेरू, रानडुकरे, माकडे शिरली. आज चांगल्या स्थितीतले मूळचे जंगल दोन टक्केही उरलेले नाही. ते टिकवण्यासाठी काही तुकड्यांना कुंपण घातले आहे आणि आतला पेरू माणसे हाताने उपटतात. उपटून संपत नाही. पुन्हा येऊन उपटावा लागतो. रियुनियनचे नशीब बरे की तेथले डोंगर अतिशय उभे आणि चिखलाचे! ऊस लावता येईना, म्हणून सुमारे तीस टक्के मूळची वनराई वाचली. २००७ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये बेटाची शिखरे, कडे आणि कढईसारख्या दऱ्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. ज्या चिखलाला प्रवासी नाके मुरडतात, त्या चिखलानेच हे जंगल तीनशे वर्षे राखले आहे.

काही निसर्गप्रेमी तर म्हणतात की अशा वाटा बंदच कराव्यात. रोग शिरला असेल तर मीही बंद करा म्हणेन. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांची मुळे कुजवणारा रोग पसरला, तेव्हा २०१८ मध्ये ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगरांतील जंगलवाटा बंद करण्यात आल्या, आणि ते योग्यच झाले. पण रोग नसताना सरसकट बंदी मला मान्य नाही. त्रू द फेरच्या वाटेवर आपल्या गप्पीदासाचा एक भाऊबंद असतो. ‘तेक-तेक’ असे ओरडतो, म्हणून तेच त्याचे नाव. हा पक्षी फक्त या एकाच बेटावर आहे. चालणाऱ्याच्या पावलांनी किडे उडतात, म्हणून तो धीटपणे जवळ येतो आणि फांदीवरून टकमक पाहतो. त्याची ओळख पुस्तकातल्या चित्रावरून होत नाही. जंगल राखण्याचा खर्च जे लोक करणार, त्यांना ते पाहता आले पाहिजे.

आपल्या सड्यांना हाच नियम जसाच्या तसा लागू करू नका, एवढे शिक्षकांना सांगावेसे वाटते. कासच्या पठारावर माती राखेची नाही. कातळावर बोटभर जाडीचा थर आहे आणि फुले त्याच ओल्या थरात, उथळ डबक्यांतही उगवतात. तेथे आखलेल्या वाटेवरचा चिखल तुडवा, पण वाटेबाहेरचे डबके म्हणजे एखाद्या वनस्पतीचे घर असू शकते. डबके दिसले की उडी मारा, असे मी म्हटलेले नाही.

शेवटी एक प्रयोग सांगतो. पावसाळ्यातल्या पुढच्या सहलीनंतर वर्गातल्या दहा जणांच्या बुटांचा चिखल खरवडून एका भांड्यात गोळा करा. कोणी कोठून चालत आले, त्याची नोंद ठेवा. दोन पसरट कुंड्या किंवा तबके घ्या. बागेतली माती लोखंडी तव्यावर चांगली अर्धा तास परतून घ्या, म्हणजे तिच्यातल्या बिया मरतील. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करा. ती थंड झाली की दोन्ही तबकांत सारखी पसरा. एका तबकावर बुटांचा चिखल पाण्यात कालवून ओता, दुसऱ्यावर नुसते पाणी. दोन्ही खिडकीत ठेवा, वर पातळ फडके बांधा, म्हणजे वाऱ्याने बी येणार नाही. रोज सारखे पाणी द्या आणि सहा आठवडे दर शनिवारी उगवलेली रोपे मोजा. गवते किती, रुंद पानांची किती, ते वेगळे लिहा. ओळखू न आलेले रोप उपटू नका. फूल येईपर्यंत वाढवा आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. मोजणी झाल्यावर ही रोपे बाहेर फेकू नका, वाळवून वहीत चिकटवा. आणि नुसते पाणी घातलेल्या तबकातही काही उगवले, तर तव्यावरची माती पुरेशी भाजली गेली नव्हती, असे समजून प्रयोग पुन्हा मांडा.